शेअर घ्या, जाहिरात छापा: भारतीय वृत्तपत्रांच्या मालकीच्या वादाची पार्श्वभूमी

वर्षानुवर्षे मार्च उजाडला की वृत्तपत्राच्या आतल्या एखाद्या पानावर, बहुधा तळाच्या कोपऱ्यात, एक चौकट छापून येत आली आहे. वर 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पहा)' असे शीर्षक. खाली प्रकाशनस्थळ, प्रकाशनाचा कालावधी, मग मुद्रक, प्रकाशक आणि संपादक, प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व 'भारतीय', प्रत्येकाचा पत्ता. सहाव्या क्रमांकावर मालकाचे नाव आणि एकूण भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या भागधारकांची यादी. शेवटी प्रकाशकाची सही. ही चौकट वाचणारे फारसे कोणी नसते. छापायची म्हणून ती छापतात, तीही जाहिरातीतून उरलेल्या जागेत.

फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ही माहिती द्यायची, असा दंडक १९५६ च्या नियमांनी घातला. हेतू सरळ होता. आपण वाचतो ते वर्तमानपत्र कोणाचे आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. पण फॉर्मात दोन रकाने नव्हते. मालकाचे आणखी कोणकोणते धंदे आहेत हे त्यात विचारलेले नव्हते, आणि हे वर्तमानपत्र स्वतः कोणत्या कंपन्यांचे भागधारक आहे हेही नव्हते. पहिल्या प्रश्नावर देशात पन्नास वर्षे वाद झाला. दुसरा प्रश्न २००५ पर्यंत कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. त्या वर्षी एका बड्या समूहाने कंपन्यांचे शेअर घेऊन बदल्यात त्यांच्या जाहिराती छापण्याचे करार सुरू केले. या टिपणाचा भर त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण त्यावर जो निर्णय झाला तो अजून निस्तरलेला नाही.

पन्नास वर्षांचा वाद, थोडक्यात

एकोणिसाव्या शतकात शिरायची इथे गरज नाही. वर्गणीदारांची थकबाकी, जामीनकी, राजद्रोहाचे खटले हा इतिहास मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. त्या काळचा संपादक बहुधा स्वतःच मालक असे आणि कर्जबाजारीही तोच असे. मालक आणि संपादक यांच्यातली ओढाताण आजच्या रूपात उभी राहिली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. काही मोठी इंग्रजी दैनिके तेव्हा साखर, सिमेंट आणि ताग यांचे धंदे असलेल्या उद्योगपतींच्या हाती गेली होती. दिल्लीतले पुढारी या वृत्तपत्रांना 'ज्यूट प्रेस' म्हणत. शिवी होती, पण अगदीच निराधार नव्हती.

१९५२ साली नेमलेल्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. तेव्हा देशात ३३० दैनिके होती. त्यांतली २९ पाच मालकांकडे होती आणि एकूण खपातला ३१.२ टक्के वाटा या पाचांचा होता. आयोगाने सुचवलेल्या उपायांत एक उपाय मोठा चतुर होता, तो म्हणजे किंमत आणि पाने यांचा सांधा. ज्याच्याकडे जाहिराती भरपूर, तो कमी पैशांत जास्त पाने देतो आणि शेजारचे लहान पत्र बसवतो. म्हणून अमुक किमतीला आठवड्यात अमुकच पाने, असे कोष्टक सरकारने ठरवावे. १९५६ मध्ये तसा कायदा झाला आणि १९६० मध्ये प्रत्यक्ष आदेश निघाला.

त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते पुण्याचे एक मराठी दैनिक. मुंबई-दिल्लीच्या साखळी समूहांशी त्याचा काही संबंध नव्हता. सात नवे पैसे किमतीत ते आठवड्याला ३४ पाने देत होते. कोष्टकाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच देता येणार होती. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. लहान पत्रांना वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या अभिव्यक्तीला कात्री लावता येणार नाही, असा निकालाचा मथितार्थ होता. बड्या मालकांसाठी लावलेल्या जाळ्यात एक स्वतंत्र मराठी पत्र अडकले आणि ते सुटताना जाळेही फाटून गेले. बड्यांना बोटही उचलावे लागले नाही.

१९७२ मध्ये दुसरा निकाल आला. परदेशातून येणारा वृत्तपत्रीय कागद तुटपुंजा होता, म्हणून त्या वर्षीच्या धोरणात दैनिकांवर दहा पानांची मर्यादा घातली होती. चार विरुद्ध एक अशा बहुमताने तीही गेली. पाने कमी झाली की जाहिराती कमी होतात, जाहिराती कमी झाल्या की किंमत वाढते, किंमत वाढली की खप उतरतो. म्हणून जाहिरातीच्या जागेवरची मर्यादा ही वृत्तपत्र स्वातंत्र्यावरची मर्यादा ठरते, ही साखळी कायद्यात पक्की बसली. वेगळे मत देणाऱ्या एका न्यायमूर्तींनी वाचकाच्या बाजूने विचार केला होता. नाना प्रकारची मते वाचायला मिळणे हा जनतेचा हक्क आहे, असा त्यांचा रोख होता. ते मत आजही उद्धृत होते, पण लागू कधीच झाले नाही.

दुसऱ्या प्रेस आयोगाचा अहवाल १९८२ चा. वृत्तपत्रे त्यांच्या मालकांच्या इतर उद्योगधंद्यांपासून कायद्याने वेगळी करावीत, ही त्यातली सगळ्यात धारदार शिफारस होती. तिचे पुढे काही झाले नाही. तोवर आणीबाणी येऊन गेली होती. सरकारच्या हाती आणखी एक लगाम द्यायला पत्रकारच राजी नव्हते, मग मालकांचे तर विचारूच नका. हा पेच खरा होता. मालकाचा हात धरायचा तर सरकारचा हात मोकळा सोडावा लागे. आणि सरकारी जाहिराती हा दबावाचा दुसरा, तितकाच जुना मार्ग तेव्हाही होताच. त्यावर स्वतंत्र टिपण लिहावे लागेल.

करार नेमका काय होता

१९९० नंतर चित्र भराभर बदलले. दिल्लीत इंग्रजी दैनिकांनी किमती पाडण्याची चढाओढ सुरू केली. अंकाची किंमत छपाईच्या खर्चाच्याही खाली गेली आणि ती तूट जाहिरातदाराने भरायची, हे गणित सगळ्या भाषांत रुळले. वृत्तपत्रांत परकी भांडवल नको, असा १९५५ चा मंत्रिमंडळाचा ठराव होता. जून २००२ मध्ये २६ टक्क्यांपर्यंत परवानगी मिळाली. दिवाणखान्यांतल्या चर्चा तेव्हा याच एका आकड्याभोवती फिरत होत्या. परदेशी मालक आला तर बातमीचे काय होईल, याची सगळ्यांना काळजी होती. दरम्यान घरच्या मालकाने वेगळीच वाट काढली.

२००३ च्या सुमारास मुंबईच्या एका बड्या इंग्रजी समूहाने शहरी पुरवण्यांतला काही मजकूर विकायला काढला. समारंभाचा फोटो, नव्या दुकानाचे उद्घाटन, एखाद्या नट-नटीची मुलाखत, या सगळ्याला दरपत्रक लागू झाले. समूहाचे म्हणणे असे की जनसंपर्क कंपन्या पैसे घेऊन बातमीदारांकडून हेच छापून आणतात, तर तो पैसा चोरवाटेने जाण्याऐवजी कंपनीच्या खात्यात का येऊ नये? युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यात वाचकाला कुठेच जागा नाही, एवढे सोडले तर.

२००५ मध्ये त्याच समूहाने 'प्रायव्हेट ट्रीटी' आणली. पहिल्या वर्षी दहा कंपन्यांनी समूहाला शेअर दिले. त्यांत टीव्ही-फ्रिज बनवणारी एक कंपनी होती, दुचाकी बनवणारी एक होती. व्यवहार कसा चाले हे उदाहरणाने सांगतो. समजा, कपड्यांची दुकाने चालवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिला देशभर नाव करायचे आहे, पण जाहिरातीला रोकड नाही. वृत्तपत्र समूह तिचे २० कोटींचे शेअर किंवा वॉरंट (म्हणजे ठरल्या अटींवर पुढे शेअर घेण्याचा हक्क) घेतो. कंपनी पुढच्या काही वर्षांत तेवढ्याच रकमेच्या जाहिराती समूहाच्या दैनिकांत आणि वाहिन्यांवर देण्याचे कबूल करते. पैसा या खिशातून त्या खिशात जातो. कंपनीला जाहिरात मिळते. समूहाची एरवी रिकामी राहिली असती ती जागा भरते, आणि शेअर वधारले तर नफा वर. हाच जाहिरातदार उद्या दुसऱ्या दैनिकाकडे जाण्याची धास्तीही उरत नाही.

व्यवहार म्हणून यात बेकायदा काही नव्हते. शेअर घेण्याचा हक्क कोणत्याही कंपनीला असतो, वृत्तपत्र चालवणाऱ्या कंपनीलाही असतो. २००८ च्या मध्याला समूहाच्याच एका अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितले, की असे १७५ ते २०० करार झाले आहेत आणि एकेक करार सरासरी १५ ते २० कोटींचा आहे. सगळा मिळून आकडा काही हजार कोटींचा होतो. समूह स्वतः शेअर बाजारात नोंदलेला नव्हता, त्यामुळे कोणत्या कंपनीत किती वाटा हे बाहेरच्याला कळायला सोपा मार्ग नव्हता. नफा दिसल्यावर इतरही मागे राहिले नाहीत. इंग्रजी आणि हिंदीतले आणखी काही समूह आणि बाजाराच्या बातम्या देणाऱ्या वाहिन्यांचे मालक याच वाटेने गेले.

मग २००८ च्या शेवटी बाजार कोसळला. शंभराला घेतलेला शेअर वीस-पंचवीसला आला, पण जाहिरातीची जागा मात्र ठरल्या रकमेची द्यायची होती. आता या समूहाला त्या कंपनीचा भाव वर जायला हवा होता. तोच समूह त्या कंपनीची बातमी देत होता आणि तिचा शेअर घ्यावा की विकावा याचे सल्लेही छापत होता. ज्यांनी तोपर्यंत या कराराकडे जाहिरातीची नवी तऱ्हा म्हणून पाहिले, त्यांनाही गोम कळायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळाले नसते. मालकाला पूर्वी एक-दोन धंदे जपावे लागत, आता दीड-दोनशे कंपन्या जपायच्या होत्या.

समूहाची भूमिका सुरुवातीपासून एकच राहिली. करार जाहिरातीपुरता आहे, संपादकीय विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. तसे असेलही. बातमी थांबवायला फोन करावाच लागतो, हा गैरसमज बाहेरच्यांचा असतो. कंपनी कोणत्या यादीत आहे हे डेस्कवर सगळ्यांना माहीत असते, आणि तेवढ्याने काम होते. मराठी वाचकाला याचा एक नमुना रोजचा आहे. इमारतीची लिफ्ट कोसळते ती 'एका नामांकित बिल्डरच्या' प्रकल्पात, रुग्ण दगावतो तो 'एका खासगी रुग्णालयात' आणि विषबाधा होते ती 'शहरातील एका प्रसिद्ध हॉटेलात'. तीच बातमी रस्त्यावरच्या टपरीची असली की टपरीचे नाव, मालकाचे नाव, वय आणि राहणार कुठला हे पहिल्या परिच्छेदात येते. यामागे करारच असतो असे नाही, बऱ्याचदा अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती असते. वाचकाला मात्र दोन्हींतला फरक कळायला वाव नाही.

उघड करा, बंद नको

१५ जुलै २००९ रोजी शेअर बाजाराच्या नियामकाने वृत्तपत्रांसाठीच्या वैधानिक परिषदेला पत्र लिहिले. अशा करारांमुळे कंपन्यांबद्दलचे वार्तांकन एकांगी होऊ शकते आणि गुंतवणूकदारांची दिशाभूल होऊ शकते, असा पत्राचा आशय होता. नियामकाने तीन गोष्टी सुचवल्या. ज्या कंपनीत आपला वाटा आहे तिची बातमी देताना तो वाटा तिथल्या तिथे सांगावा. अशा सगळ्या कंपन्यांची वाट्यासह यादी समूहाच्या संकेतस्थळावर ठेवावी. आणि कंपनीच्या संचालक मंडळावर आपला माणूस असेल किंवा कारभारावर आपले नियंत्रण असेल, तर तेही जाहीर करावे. परिषदेने हे मान्य केले. ऑगस्ट २०१० मध्ये नियामकाने ही माहिती देणे बंधनकारक झाल्याचे जाहीर केले.

कागदावर हा विजय होता आणि बऱ्याच पत्रकारांनी तेव्हा तो तसाच मानला. मला तो पराभव वाटतो. कारण उघड आहे. आपला वाटा कुठे सांगायचा? बातमीत. पण खरी भीती छापलेल्या बातमीची नव्हती, न छापलेल्या बातमीची होती. जी बातमी आलीच नाही तिच्याखाली तळटीप कशी टाकणार? कामगारांचा संप दोन ओळींत आटोपला किंवा तपासणीच्या धाडीचा मजकूर रात्री अकराला पानावरून उतरवला, तर तिथे जाहीर करायला काही उरतच नाही. संकेतस्थळावरच्या यादीबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी चहासोबत पान उलटणारा वाचक आधी संगणक उघडून इंग्रजीतली यादी तपासेल, ही कल्पना फक्त समितीच्या बैठकीतच सुचू शकते.

दुसरी गोष्ट, हा नियम पाळायला लावणार कोण? परिषदेकडे १९७८ च्या कायद्याने दिलेले अधिकार म्हणजे ताकीद देणे, कानउघाडणी करणे, नापसंती नोंदवणे. दंड नाही. शिवाय तिचे कार्यक्षेत्र वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था एवढेच, वाहिन्या त्यात येत नाहीत. बाजार नियामकाकडे दंडाचे अधिकार भरपूर, पण ते बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर आणि बाजारात व्यवहार करणाऱ्यांवर. बातमी कशी द्यावी हे वृत्तपत्राला सांगण्याचे नाहीत. एकाकडे वृत्तपत्रे होती, दुसऱ्याकडे छडी होती. दोघांनी पत्रव्यवहार करून एक नियम केला आणि तो अंमलात आणण्याचे काम कोणाकडेच गेले नाही.

यात एक विसंगती अशी, की तिच्याकडे फार कमी लोकांनी बोट दाखवले. आर्थिक बातम्या देणाऱ्या पत्रकारांसाठी याच परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे आधीपासून होती. कंपनीकडून भेटवस्तू, कर्ज, सवलतीचे शेअर घेऊ नयेत. जिच्याबद्दल लिहितो त्या कंपनीत आपले शेअर असतील तर ते सांगावे. दहा शेअर बाळगणाऱ्या उपसंपादकाला नियम होता. दहा टक्के शेअर बाळगणाऱ्या त्याच्या मालकाला तो लागू करायला २०१० उजाडले, आणि तोही अर्धामुर्धा.

सरळ बंदी का घातली नाही? याचे उत्तर १९६१ आणि १९७२ च्या निकालांत आहे. जाहिरातीच्या उत्पन्नाला हात लावणारी कोणतीही बंदी न्यायालयात टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. शिवाय बंदी घालायची तर संसदेत कायदा करावा लागला असता आणि निवडणुकीच्या तोंडावर बड्या वृत्तपत्रांशी वैर घेणारा पक्ष शोधून सापडला नसता. २००९ हे निवडणुकांचेच वर्ष होते.

त्याच वर्षी महाराष्ट्रात

एप्रिल-मे २००९ मध्ये लोकसभेची आणि ऑक्टोबरमध्ये राज्य विधानसभेची निवडणूक झाली. त्या काळात 'पॅकेज' हा शब्द मराठी पत्रकारितेत स्थिरावला. उमेदवाराने एकरकमी पैसे भरायचे आणि त्याबदल्यात दौऱ्याच्या बातम्या, मुलाखत, सभेचा मोठा फोटो असा संच घ्यायचा. विरोधकाबद्दल वाईट छापायचे असेल तर दर वेगळा. पॅकेज न घेणाऱ्याचे नाव प्रचाराच्या काळात पानावरून गायबच होई. प्रकरण उघडकीला आले ते एका विनोदी चुकीमुळे. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच लेख शब्दन् शब्द तसाच एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत, वेगवेगळ्या नावांखाली, बातमी म्हणून छापून आला. एका इंग्रजी दैनिकाच्या ग्रामीण विषयांवर लिहिणाऱ्या संपादकाने पाने शेजारी शेजारी ठेवून ते दाखवून दिले. स्वतः उमेदवार असलेल्या या मुख्यमंत्र्यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल वाहिनीसाठी ६,००० रुपये दाखवले होते. विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा दहा लाखांची खर्चमर्यादा होती. पानेच्या पाने भरतील एवढ्या मजकुराचा हिशेब यात कुठे बसतो, यावर पाच वर्षे सुनावण्या झाल्या. जुलै २०१४ मध्ये निवडणूक यंत्रणेने कारणे दाखवा नोटीस काढली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अपात्रता झाली नाही. अशा मजकुराचा खर्च न दाखवल्यामुळे आमदारकी गेल्याचे पहिले उदाहरण उत्तर प्रदेशातले, ऑक्टोबर २०११ चे.

वृत्तपत्र परिषदेने या प्रकाराच्या चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने एप्रिल २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला आणि त्यात वृत्तपत्रांची नावे, साक्षी, आरोप आणि खुलासे सगळे दिले. शेअरच्या करारांवरही त्यात मजकूर होता. परिषदेत मालकांचे प्रतिनिधीही बसतात. जुलैअखेर परिषदेने स्वीकारला तो डझनभर पानांचा, नावे गाळलेला अहवाल. मूळ अहवाल कपाटात गेला. तो बाहेर आला ऑक्टोबर २०११ मध्ये, माहिती अधिकाराचा वापर झाल्यावर आणि वरून आदेश आल्यावर. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची राखण करणाऱ्या संस्थेकडून वृत्तपत्रांविषयीचा अहवाल मिळवायला माहिती अधिकार लावावा लागला, यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

पॅकेज आणि शेअरचा करार यांचे मूळ एकच आहे का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते आहे, पण तालुका पातळीवर ते आधीपासूनच रुजलेले होते. तिथला वार्ताहर पगारी नसतो. त्याला मिळणारे मानधन पेट्रोलला पुरत नाही, पैसे सुटतात ते जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि स्थानिक नेत्याचा वाढदिवस हे त्याचे हंगाम. कार्यालयातून टार्गेट येते आणि पुरवणीचा आराखडा येतो. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत गोंधळ झाल्याची बातमी ज्याने द्यायची, त्यानेच आठवड्याभरात त्याच कारखान्याच्या अध्यक्षांकडे वाढदिवसाच्या पानभर जाहिरातीची आर.ओ. (जाहिरात छापण्याची लेखी ऑर्डर) घ्यायला जायचे. मुंबईत जे करारपत्रावर झाले ते तालुक्यात तोंडी चालत होते. फरक एवढाच, की तालुक्यातल्या वार्ताहराची बदनामी झाली आणि करारपत्रवाल्यांना कल्पक व्यवस्थापनाची शाबासकी मिळाली. नोकरीची जुनी सुरक्षितताही तोवर बहुतेक ठिकाणी कंत्राटांनी संपवली होती. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याखालचे शेवटचे वेतन मंडळ २०११ मध्ये अधिसूचित झाले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि कंत्राटी पत्रकारांनाही ते लागू असल्याचे जून २०१७ मध्ये सांगितले.

शेअरवरून कर्जाकडे

ऑगस्ट २०१४ मध्ये दूरसंचार आणि प्रसारण क्षेत्राच्या नियामकाने माध्यमांच्या मालकीवर शिफारशी दिल्या. शेअरच्या बदल्यात जाहिरातीचे करार ताबडतोब बंद करावेत, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर तसे ठळक अक्षरांत लिहावे, बारीक टाइपात लिहिलेले चालणार नाही, हेही होते. राजकीय पक्षांना वाहिन्यांच्या मालकीत येऊ देऊ नये आणि बड्या उद्योगसमूहांच्या प्रवेशावर बंधने असावीत, अशाही सूचना होत्या. १९८२ च्या शिफारशीचीच ही दुसरी आवृत्ती. तिची गतही तीच झाली.

त्याच शिफारशींत 'नियंत्रण' कशाला म्हणायचे यावर बरीच पाने खर्ची पडली होती. वीस टक्के भांडवल ही एक कसोटी सुचवली होती. तोवर व्यवहार पुढे निघून गेला होता, हे त्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आले नाही. दिल्लीतल्या एका वृत्तवाहिनीच्या प्रवर्तकांच्या कंपनीने २००९-१० मध्ये सुमारे ४०० कोटींचे बिनव्याजी कर्ज घेतले होते. बदल्यात कर्ज देणाऱ्या एका अपरिचित कंपनीला असे वॉरंट दिले होते, की ते वापरले की प्रवर्तकांची जवळजवळ सगळी कंपनी तिच्या मालकीची होईल. बारा-तेरा वर्षे शेअरांच्या यादीत वाहिनीचे मालक तेच जुने दिसत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये बंदरे आणि वीज क्षेत्रातल्या एका उद्योगसमूहाने ती कर्ज देणारी कंपनी विकत घेतली आणि वॉरंट वापरले. त्यातून वाहिनीचे २९.१८ टक्के भांडवल एका झटक्यात हलले. वर्ष संपता संपता संस्थापकांनी आपला बहुतेक उरलेला हिस्साही विकला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसारण नियामकाने मालकीच्या प्रश्नावर नवे चर्चापत्र काढून सूचना मागवल्या होत्या. नियंत्रण म्हणजे काय, हा प्रश्न त्यात पुन्हा होताच.

१८६७ च्या नोंदणी कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली. नोंदणी ऑनलाइन झाली आणि जिल्हाधिकाऱ्यापुढचे जुने सोपस्कार कमी झाले. वृत्तपत्र कंपनीने दुसऱ्या कंपन्यांत घेतलेल्या शेअरांचा विषय त्यात नाही. आणि ते करारही थांबलेले नाहीत, त्यांचे गिऱ्हाईक मात्र बदलले. २००५ मध्ये ते टीव्ही, दुचाकी, कपडे विकणाऱ्या आणि बाजारात नोंदलेल्या किंवा नोंदणीच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांशी होत. आता स्टार्टअपशी होतात. घरपोच औषधे, शिकवण्या, कर्जे, ऑनलाइन खेळ यांतल्या नव्या कंपन्यांना रोकडीपेक्षा जाहिरात हवी असते. त्या खासगी असतात आणि त्यांचे शेअर बाजारात नसतात. २००९ चे पत्र लिहिणाऱ्या नियामकाची काळजी बाजारातल्या गुंतवणूकदाराची होती, त्यामुळे जिथे बाजारच नाही तिथल्या करारात त्याला लक्ष घालण्याचे कारण उरत नाही. अशा कंपनीच्या ग्राहकांनी फसवणुकीची तक्रार केली, की ती बातमी कोणत्या पानावर लागेल किंवा लागेल की नाही, हे वृत्तपत्राच्या कार्यालयातच ठरते.